चौघींची खोली

सगळ्यात आधी एक कबुली. मी हॉस्टेलची नाही. मी माहीमची, डे स्कॉलर. सकाळची गाडी पकडून येते आणि संध्याकाळी लोंबकळत परत जाते. पण गेली दोन वर्षं दोन लेक्चर्सच्या मधला रिकामा वेळ, सबमिशनच्या रात्री (कधी रेक्टर मॅडमच्या परवानगीने, कधी त्यांच्या डोळेझाकीने) आणि व्हायव्हाच्या आधीची रडारड हे सगळं मी लेडीज हॉस्टेलच्या एकाच खोलीत केलंय. तेव्हा हॉस्टेलबद्दल चार शब्द लिहायचा थोडाफार हक्क मला आहे, असं मी धरून चालते.

दुसरी कबुली म्हणजे मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीत बोललं की रुपया दंड व्हायचा आणि मी वर्गातली सगळ्यात मोठी देणेकरी होते! बोलायला मराठी घरचीच, पण लिहायची सवय नव्हती. ती या खोलीने लावली. लेखातल्या चुका संपादकांनी काढल्या असतीलच, उरल्या असतील त्या माझ्या.

आता मुद्दा. यंदा टर्म सुरू होताना हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक दरपत्रक लागलं, ते तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. नव्या विंगमध्ये दोघींची खोली, अॅटॅच्ड बाथरूम. जुन्या विंगमध्ये चौघींची आणि टोकाच्या तीन मोठ्या खोल्यांत सहा-सहा खाटा. दोघींच्या खोलीचा दर चौघींच्या दराच्या जवळजवळ दुप्पट, सहा जणींचा सगळ्यात कमी. जी ज्या दराचा चेक देईल तिला ती खोली. नव्या विंगला मेसचं काउंटरही वेगळं.

याआधी काय होतं ते ज्युनिअर्सना माहीत नसेल म्हणून सांगते. सगळ्या खोल्या चौघींच्या, दर एकच, आणि पहिल्या वर्षी चिठ्ठ्या टाकून खोली मिळायची. श्रीखंडाचा मोठा रिकामा डबा होता. त्यात हात घालायचा आणि जी चिठ्ठी निघेल ती खोली पुढची चार वर्षं आपली. त्या डब्यातून आमच्या चौघी निघाल्या. आमच्या म्हणजे मी पाचवी, उपरी.

हॉस्टेलमध्ये नावापेक्षा गाव जास्त चालतं, ते बरंच आहे, कारण मला इथे कुणाचं नाव घालायचं नाही. वाशीमची, चिपळूणची, भुसावळची आणि इंदूरची. वाशीमचीच्या घरी तीन एकर कोरडवाहू आणि पिठाची गिरणी. चिपळूणचीचे बाबा एसटीत कंडक्टर. भुसावळची रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली, तिचे वडील इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर. इंदूरची ऑल इंडियाच्या सीटवर आलेली, घरचं कापडाचं दुकान, पहिल्या दिवशी तिच्या तीन बॅगा चढवायला दोन माणसं होती. या चौघींना तुम्ही आपापल्या पसंतीने खोली निवडायला सांगितली असती तर त्या एका मजल्यावरसुद्धा राहिल्या नसत्या!

आणि सुरुवातीला सगळं गोड होतं असं मुळीच नाही. इंदूरची एकदा वाशीमचीच्या इंग्रजीवर हसली. जोरात, सगळ्यांसमोर. आठ दिवस दोघी बोलत नव्हत्या. पण खोलीची चावी एकच होती हो! चावी कुठे ठेवलीस एवढं तरी विचारावंच लागायचं, मग तिथून हळूहळू सुरू झालं. मला इंग्रजी येत होतं आणि वाशीमचीला मॅथ्स येत होतं. तिला सगळी उत्तरं यायची पण व्हायव्हाला तोंड उघडायचं नाही, माझं तोंड बंदच व्हायचं नाही पण आत काही नसायचं. मग आम्ही रोज जेवणानंतर अर्धा तास एकमेकींची तोंडी परीक्षा घ्यायला लागलो. ती मला गणित समजावायची, मी तिला ते इंग्रजीत परत सांगायला लावायचे. इंडक्शन मोटर मला पुस्तकातून कधी कळली नव्हती. भुसावळचीने लहानपणी शेडमध्ये उघडून ठेवलेली ट्रॅक्शन मोटर पाहिली होती. तिने पेन्सिलीने रोटर काढला, हाताने फिरवून दाखवला, आणि स्लिप म्हणजे काय ते मला आयुष्यभराचं कळलं. इंदूरची आम्हाला कोडिंग शिकवायची. चिपळूणची काय शिकवायची? ती पैसे कसे पुरवायचे ते शिकवायची. हसू नका, त्या खोलीत तो सगळ्यात अवघड सब्जेक्ट होता.

यंदा ती खोली मोडली. इंदूरची नव्या विंगमध्ये गेली, तिच्या पप्पांनी नोटीस वाचून तिला न विचारताच चेक दिला. वाशीमची सहा जणींच्या खोलीत. बाकीच्या दोघी चौघींच्याच एका खोलीत राहिल्या, नव्या दोघींबरोबर. भांडण नाही, रुसवाफुगवा नाही, कुणी कुणाला बाहेर काढलं नाही. दरपत्रकानेच सगळ्यांना आपापल्या जागी नेऊन बसवलं. आणि सहा जणींच्या तिन्ही खोल्यांच्या दारावरच्या याद्या वाचल्या तर काय दिसतं? जवळजवळ सगळ्या खेड्यातल्या, जवळजवळ सगळ्या फ्रीशिप नाहीतर स्कॉलरशिपवाल्या. नव्या विंगच्या याद्याही वाचून बघा.

आता कुणी म्हणेल, वाशीमचीला फी माफ आहे ना? मग रड कसली? हे मी कॅन्टीनमध्ये स्वतःच्या कानांनी ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. जुलै २०२४ मध्ये सरकारने निर्णय घेतला की वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. त्याआधी निम्मी होती, आणि अशाच घरातल्या मुलांना ती अजूनही निम्मीच आहे. निर्णय चांगलाच आहे. माझ्या ओळखीतल्या दोघी तिघी त्यामुळेच शिकतायत. पण तो वाचताना 'शिक्षण फी' या शब्दावर थांबायला हवं. हॉस्टेल त्यात नाही. मेस त्यात नाही. डिपॉझिट, लॅपटॉप, गावी जायचं तिकीट, आजारपण यातलं काहीच नाही. शिक्षण फीवर शुल्क नियामक प्राधिकरणाची नजर असते. मेसच्या बिलावर कुणाची असते? हॉस्टेलसाठी सरकारच्या वेगळ्या योजना आहेत, नाही असं नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. पण ते पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात यायला येतात तेव्हा येतात, आणि मेसचे पैसे टर्मच्या पहिल्या आठवड्यात, एकरकमी, आगाऊ!

इथे मला माझी आजी आठवते. ती परळच्या चाळीत गिरणी कामगारांची खानावळ चालवायची, दोन खोल्यांत, पंचवीस-तीस माणसं. लालबाग-परळला अशा खानावळवाल्या गल्लोगल्ली होत्या. त्यांच्याच बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. आजीकडे महिनाभर जेवायचं आणि पगार झाला की हिशोब करायचा, असा रिवाज होता. किराणा ती स्वतः उधारीवर आणायची. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, पगार थांबले, आणि तरी काही महिने ती लोकांना जेवू घालत राहिली. त्यातले बरेच पैसे कधीच आले नाहीत. म्हणून आमच्या मेसने उधारीवर चालावं असं मी म्हणत नाही, आजीचं काय झालं ते मला माहीत आहे. पण महिन्याच्या महिन्याला पैसे घेणं हे एका निरक्षर बाईला जमत होतं तर कॉम्प्युटर लावून बसलेल्या आपल्या ऑफिसला का जमू नये?

आता मॅनेजमेंटची बाजू. ती मी मुद्दाम ऑफिसमध्ये जाऊन विचारली, आणि मला शांतपणे सांगितली गेली, हे कबूल केलं पाहिजे. एक, फ्रीशिप आणि स्कॉलरशिपची रक्कम सरकारकडून यायला उशीर होतो आणि पगार तर दर महिन्याला करावे लागतात. दोन, हॉस्टेलला कुठलंही अनुदान नाही. तीन, दोघींच्या खोलीतून जे जास्तीचे पैसे येतात त्यातून सहा जणींच्या खोलीचा दर खाली ठेवता येतो. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी खरी असेल तर मला तिच्यावर जास्त बोलायचंय.

कारण ही कल्पना नवी नाही. आपली कॉलेजं जन्मालाच आली ती पैशाच्या या कोड्यासकट. १९८३ पर्यंत महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी होती. पोरं आणि पोरांच्या आई-बापांचे पैसे कर्नाटकात जात होते. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्र पालटलं. शिक्षणसम्राट हा शब्द मराठीला त्यातूनच मिळाला, आणि डोनेशन या शब्दाचा अर्थही बदलला. मग डोनेशनविरुद्ध १९८७ चा कायदा आला. मग १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टाने एक योजना घालून दिली, निम्म्या जागा फ्री सीट आणि निम्म्या पेमेंट सीट. फ्री सीटवाला सरकारी कॉलेजाइतकी फी भरणार, पेमेंट सीटवाला त्याच्या कितीतरी पट, आणि एकाचा भार दुसरा उचलणार. २००२ मध्ये टीएमए पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती योजना रद्द केली. त्यातलं एक कारण मला वाचताना टोचलं. फ्री सीट मेरिटवर मिळायची, आणि मेरिट पुष्कळदा चांगल्या शाळेतल्या, क्लास लावलेल्या, खात्यापित्या घरातल्या मुलांकडे असायचं. म्हणजे बघा, माझ्यासारखीला फ्री सीट आणि वाशीमचीच्या बापाने पेमेंट सीटसाठी जमीन गहाण टाकायची!

पण त्या योजनेतली एक गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही. फ्री सीट आणि पेमेंट सीट बाजूबाजूला होत्या. एकाच वर्गात, एकाच बेंचवर, एकाच लेथवर. फी वेगळी होती, बेंच वेगळा नव्हता. चूक फी ठरवण्याच्या मापात होती, मार्कांऐवजी उत्पन्नाचा दाखला बघायला हवा होता. पुढे २००५ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातून गेलेल्या पी. ए. इनामदार खटल्यात कोर्टाने १५ टक्क्यांपर्यंत एनआरआय जागांना परवानगी दिली, तेव्हाही सांगितलं की तो पैसा दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांची फी कमी करण्यासाठी वापरावा. आणि नफेखोरी कुणालाच करता येणार नाही, हे तर प्रत्येक निकालात आहे. आपलं कॉलेज कागदोपत्री नफ्यासाठी नाहीच, ट्रस्ट आहे. तेव्हा ज्याला परवडतं त्याच्याकडून जास्त घ्या, याला माझा काडीचाही विरोध नाही. माझ्या बाबांकडूनही घ्या (बाबा हे वाचणार नाहीत अशी आशा आहे). फी वेगवेगळी असू द्या. खोली का वेगळी?

तुम्ही म्हणाल, जास्त पैसे देणाऱ्याला जास्त सोय मिळणारच, जगाचा नियम आहे. असेलही. पण कॉलेजात एवढ्या वेगवेगळ्या ठिकाणची मुलं आलीच कशी? आरक्षण, होम युनिव्हर्सिटीबाहेरच्या जागा, ऑल इंडियाच्या जागा, मुलींसाठीच्या जागा, फी माफीच्या पाच टक्के जागा, असे कॅपचे नियम करकरून सरकारने ती एकत्र आणली. आपल्या ब्रोशरमध्ये पहिल्याच पानावर वेगवेगळ्या चेहऱ्यांचा हसरा फोटो आहे आणि खाली 'विविधतेचं कुटुंब' असं लिहिलंय. मग संध्याकाळी पाच वाजता लेक्चर संपल्यावर त्या कुटुंबाला दराप्रमाणे वेगवेगळ्या दारांनी आत सोडायचं?

हॉस्टेल म्हणजे नुसती झोपायची जागा नाही हे महाराष्ट्राला शिकवायची गरज नसावी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या जातींसाठी वेगवेगळी वसतिगृहं काढली. ती वेगळी काढावी लागली, कारण खेड्यातून आलेल्या पोराला शहरात कुणी घरात घेत नव्हतं, जेवायला घालत नव्हतं. त्याच कोल्हापुरात भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये शिकायला होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क हॉस्टेलच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला आणि त्यापायी बोर्डिंगमधून बाहेर काढले गेले. पुढे १९२४ मध्ये साताऱ्याला त्यांनी स्वतःचं बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र, एकाच चुलीवरचं. गांधीजींनी १९२७ साली त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. त्या पोरांना खाऊ घालायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आपण शंभर वर्षांनी ऐपतीप्रमाणे बोर्डिंगं काढतोय, आणि आपल्याला तर कुणी भाग पाडलेलं नाही.

माहीमला राहिल्यामुळे मला आणखी एक गोष्ट रोज दिसते. आमच्याकडून वांद्र्याला जायला खाडीवरून जुना कॉजवे आहे. १८४५ साली तो बांधला गेला तेव्हा सरकार पैसे द्यायला तयार नव्हतं. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाईंनी दीड लाखाच्या वर रुपये दिले आणि अट घातली की लोकांकडून टोल घ्यायचा नाही. आज त्या रस्त्यावरून बस, टॅक्सी, हातगाडी, माउंट मेरीला पायी निघालेली माणसं सगळी एकत्र जातात, धक्के खात. २००९ मध्ये जवळच सी लिंक झाला. त्याला टोल, आणि पायी माणसाला नि दुचाकीला तिथे मनाई. पुलाचं एक वेळ ठीक आहे, ज्याला घाई आहे तो टोल भरून जाईल. पण पुलावर कुणी कुणाची तोंडी परीक्षा घेत नसतं.

हे सगळं वाशीमचीला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ती खूश होईल. ती म्हणाली, 'खरं सांगू का, मला आता जरा हलकं वाटून राहिलं. इथं माझ्या बोलण्यावर कोणी हसत नाही. घरून आलेला ठेचा काढला तर कोणी नाक दाबत नाही.' मी गप्प बसले. तिचं खरं आहे. सगळ्यांना एकत्र ठेवा म्हणणं मला सोपं आहे, कारण एकत्र राहण्याची किंमत त्या खोलीत तिने मोजली, मी नाही. मी तर सातच्या गाडीने घरी जात होते. मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, 'पण व्हायव्हा आलाय ना जवळ. इथं सहाच्या सहा जणींचं तोंड शिवलेलं आहे. कोणी कोणाला विचारावं?'

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि रेक्टर मॅडम, प्राचार्य सर हे पान वाचतात म्हणून इथेच लिहिते. पुढच्या जूनपासून फर्स्ट इयरच्या खोल्या पुन्हा चिठ्ठ्यांनी द्या, नवी विंगसुद्धा त्यात धरा. ज्यांच्या घरी आहे त्यांच्याकडून जास्त घ्यायचे असतील तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सगळ्यांच्या अॅडमिशन फाइलला लागतोच असं नाही, पण कमी दर मागणाऱ्याला तो मागता येईल, बाकीचे पूर्ण दर भरतील. जास्तीचा पैसा कुठे गेला तो हिशोब वर्षातून एकदा त्याच नोटीस बोर्डावर लावा. मेसचं काउंटर एक करा. पैसे महिन्याला घ्या. आणि हॉस्टेल, मेस, डिपॉझिट धरून चार वर्षांचा सगळा खर्च एका कागदावर छापून ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी लोकांना दाखवा, म्हणजे वाशीमहून रात्रभर प्रवास करून आलेल्या बापाला तो खर्च पहिल्यांदा फीच्या खिडकीवर कळणार नाही.

इंदूरची परवा कॅन्टीनमध्ये भेटली. नव्या खोलीत एसी आहे, इंटरनेट चांगलं आहे, रूममेटही चांगली आहे, दोघी हेडफोन लावून बसतात. म्हणाली, 'तुम लोग व्हायव्हा की प्रॅक्टिस कब करते हो?' मी म्हटलं, कुठे करायची? सहा जणींच्या खोलीत बसायला जागा नाही आणि नव्या विंगमध्ये बाहेरच्यांना आठनंतर मनाई आहे. शेवटी गुरुवारपासून जिन्याखाली बसायचं ठरलंय, पाचही जणी.

श्रीखंडाचा तो डबा रेक्टर मॅडमच्या कपाटावर अजून आहे. आता त्यात खिळे आणि फ्यूजची तार असते.